पडदा पडल्यानंतरचं नाटक

आत्महत्या आणि तिची झळ सोसणारी माणसं हा विषय जिवंत अभिनय, प्रोजेक्शन आणि ध्वनिमुद्रणं एकत्र आणून मांडणारं नाटक आज नवं वाटतं. तंत्र नवं असेल, विषय मात्र फार जुना. प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘एजॅक्स’चा नायक नाटक बरंच शिल्लक असतानाच जीव देतो. मग रंगमंचावर उरतात त्याची सहचरी टेक्मेसा, लहानगा मुलगा, सावत्र भाऊ आणि प्रेताला माती द्यायची की नाही यावरचं भांडण. पुढच्या बहुतेक नाटककारांनी मात्र आत्महत्या शेवटच्या प्रवेशासाठी राखून ठेवली. ती झाली की पडदा.

त्यातला धोका जपानी राज्यकर्त्यांना लवकर जाणवला. ओसाकात १७०३ साली एका प्रेमी युगुलाने जीव दिला आणि महिन्याभरात नाटककार चिकामात्सूने त्यावर बाहुलीनाट्य आणलं. ते तुफान चाललं, तशा नाटकांची लाट आली. लोक अनुकरण करतात म्हणून शोगुन सरकारने १७२३ मध्ये त्यांवर बंदी घातली. दोष नाटकाचा किती आणि परिस्थितीचा किती, हा वाद अजून चालूच आहे.

प्रोजेक्शनच्या पडद्याची वाट बर्लिनहून येते. दिग्दर्शक एर्विन पिस्काटोरने १९२७ मध्ये एर्न्स्ट टोलरचं ‘होप्ला, वीर लेबेन’ बसवलं. नायकाची मनोरुग्णालयातली आठ वर्षं त्यात चित्रफितीतून सरकतात आणि शेवटी तो कोठडीत स्वतःला संपवतो. पण तो पडदा काळाचा हिशेब मांडत होता, कुणाच्या शोकाचा नाही. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात आल्फ्रेड रादोक आणि योसेफ स्वोबोदा या चेक रंगकर्मींच्या ‘लातेर्ना मागिका’ या प्रयोगात नट थेट पडद्यावरच्या प्रतिमांशी जुळवून वावरू लागले. मला हा टप्पा जास्त मोलाचा वाटतो, कारण समोर नसलेल्या माणसाशी बोलण्याची सोय त्यातून रंगमंचाला मिळाली.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन आणि सहकाऱ्यांनी आत्महत्या प्रतिबंध केंद्र उभं केलं. मागे राहिलेल्यांना सावरणं हाही प्रतिबंधच, हा विचार श्नाइडमन यांनी पुढे रेटला. एका आत्महत्येची झळ सहा जणांना बसते, असं बराच काळ धरलं जाई. ज्युली सेरेल यांच्या अमेरिकेतल्या २०१८ च्या अभ्यासात अशा मृत्यूशी ओळखीने जोडल्या गेलेल्यांचा आकडा १३५ निघाला. सगळ्यांचं दुःख सारखं नसतंच, पण आईवडिलांच्या पलीकडे वर्गमित्र, सहकारी, शेजारी यांनाही नाटकात जागा का हवी, हे त्यावरून कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवर काम करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. कृती आणि पद्धत दाखवू नका, मदत मिळवण्याची वाट दाखवा, ज्यांनी हे भोगलंय त्यांना विचारा, असं ती सांगते. पडदा इथे खरा कामी येतो: मृत्यूचा प्रसंग गाळूनही जुनी चित्रफीत, फोनवरचा निरोप, उत्तर न गेलेला संदेश दाखवता येतो. अशी भूमिका करणाऱ्यांवर आणि निर्मितीतल्या इतरांवर काय परिणाम होईल याचाही विचार करा, असंही तीत म्हटलंय. तालमींच्या धावपळीत सगळ्यात आधी विसरली जाईल ती हीच सूचना.