पहिला मसुदा आता कोण लिहिणार?

फोर्टातल्या वकिलांच्या चेंबरमध्ये नव्या ज्युनिअरच्या वाट्याला ठरावीक कामं येतात. तारखा घ्यायच्या, कागदांचे संच लावायचे, घटनाक्रम लिहून काढायचा, जुने निवाडे शोधायचे आणि अर्जाचा पहिला मसुदा करायचा. सिनिअर त्यावर लाल रेघा ओढतो आणि त्या खाडाखोडीतून ज्युनिअर शिकत जातो. आज जनरेटिव्ह एआय, म्हणजे स्वतः मजकूर रचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, नेमकी यातलीच लिखापढीची कामं मिनिटभरात करून देतं.

या प्रणालींच्या मुळाशी असलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना गुगलमधल्या संशोधकांनी २०१७ साली मांडली. प्रचंड मजकूर वाचून अशी प्रणाली एकच गोष्ट शिकते: आतापर्यंतच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता किती. तिच्या पोटात निवाड्यांचं कपाट नसतं, पण निवाड्याचा उल्लेख दिसतो कसा हे तिला उत्तम जमतं. पक्षकारांची नावं, वर्ष, खंड, पान, सगळं जागच्या जागी. म्हणूनच तिची चूक चूक वाटत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले. ते खरे आहेत का, असं वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. त्याने होकार दिला. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला.

तरीही फायदा खरा आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचं काम तपासलं. एआयची मदत मिळाल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्यांच्या बाबतीत सुमारे एक तृतीयांशाने. मुरलेल्यांना मात्र फारसा फरक पडला नाही. कारण विचार करण्याजोगं आहे. ही प्रणाली उत्तम कर्मचाऱ्यांच्या संभाषणांवरून शिकली होती, म्हणजे जुन्या माणसांचं कसब तिच्यामार्फत नव्यांपर्यंत पोचलं. मालाडच्या कॉल सेंटरमध्ये नुकत्याच लागलेल्या मुलीला याचा किती आधार वाटेल!

पण ‘बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप’च्या ७५८ सल्लागारांवरच्या प्रयोगात दुसरी बाजूही दिसली. यंत्राच्या आवाक्यातली कामं त्यांनी एआयच्या मदतीने सुमारे २५ टक्के लवकर उरकली. एक काम मुद्दाम आवाक्याबाहेरचं निवडलं होतं. तिथे एआय वापरणाऱ्यांत बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण १९ टक्के-बिंदूंनी घसरलं. हे काम आवाक्यातलं की बाहेरचं, हे यंत्र सांगत नाही. ते ओळखायला त्या कामात हात काळे केलेला माणूस लागतो.

मला खरी काळजी वाटते ती इथे. सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करणारी मुलं व्हाउचिंगला कंटाळतात. एकेक नोंद बिलाशी ताडून टिक मारत बसायचं. पण हजारो बिलं नजरेखालून गेली की संशयास्पद बिल आपोआप डोळ्यात खुपू लागतं. २०२३ पासून आर्टिकलशिपच तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. त्यातलंही हे काम यंत्राकडे गेलं तर ती नजर तयार कुठे होणार?

मराठी कागदपत्रांत तर अशी नजर अधिकच लागते. या यंत्रांनी इंग्रजीच्या मानाने मराठी फार कमी वाचलं आहे. ‘फेरफार’ किंवा ‘वहिवाट’ सातबाऱ्याच्या संदर्भात काय सांगतात, हे जुन्या कारकुनालाच विचारावं. आणि अशिलाचे कागद फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नयेत, हेही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

माझं मत असं, की ज्युनिअरने आधी स्वतःचा मसुदा लिहावा, मग यंत्राचा मागवावा आणि दोन्हींत फरक का पडला ते सिनिअरला समजावून सांगावं. यात वेळ जाईल आणि त्याचं बिल अशिलाला लावता येणार नाही. तो खर्च चेंबरने आणि फर्मनेच सोसावा, कारण आणखी दहा वर्षांनी यंत्राची चूक पकडणारा माणूस त्यांनाच लागणार आहे.