श्रद्धा आणि सत्कर्मे : ख्रिस्ती तारणविचार

ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत प्रश्न. माणसाचे तारण, म्हणजे पापापासून सुटका आणि देवाशी पुन्हा जुळलेले नाते, केवळ येशू ख्रिस्तावरील विश्वासाने होते की माणसाच्या सत्कर्मांचाही त्यात वाटा असतो, असा हा प्रश्न आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या तिन्ही प्रमुख परंपरांना एक गोष्ट मान्य आहे : तारणाचा आरंभ देवाच्या कृपेने होतो, माणसाच्या पुण्याईने नाही. वाद आहे तो पुढच्या वाटचालीविषयी.

इंदूरच्या मराठी वाचकासाठी हे आधीच सांगून ठेवलेले बरे. अहिल्याबाई होळकरांचे घाट, मंदिरे, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांच्या आठवणींवर वाढलेल्या या शहरात सत्कर्माचे पुण्य करणाऱ्याच्या पदरी पडते, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे ख्रिस्ती वादाकडेही आपण पुण्यसंचयाच्या हिशेबाने पाहतो आणि मग तो वाद उगाच शब्दच्छल वाटू लागतो. मात्र त्याच मराठी वाचकाला संतांमुळे दुसरी बाजूही ठाऊक असते : आपल्या कर्तबगारीने देव मिळत नाही, तो कृपा करतो. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक म्हणत.

वादाचे मूळ बायबलच्या नव्या करारातच आहे. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो की माणूस नियमशास्त्रातील, म्हणजे यहुदी धर्मनियमांतील, कर्मांवाचून, विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सांगतो की माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनीही नीतिमान ठरतो. गंमत अशी की दोघेही दाखला देतात तो एकाच पुरुषाचा, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचा. पौल बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो. वृद्ध, निपुत्रिक अब्राहामाला देव ताऱ्यांइतक्या संततीचे वचन देतो, तो विश्वास ठेवतो, आणि तेवढ्यावरच देव त्याला नीतिमान गणतो. सुंतेची आज्ञा येते ती त्यानंतर, सतराव्या अध्यायात. पौलाचा सगळा युक्तिवाद या क्रमावर उभा आहे : विधी नंतरचा, स्वीकार आधीचा. याकोब त्याहून पुढे, बाविसाव्या अध्यायावर जातो. तिथे अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवतो. विश्वास खरा होता हे इथे कृतीतून दिसले, असे त्याचे म्हणणे आहे. देव एकच आहे असे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात, हा त्याचा टोला प्रसिद्ध आहे. उघड्यानागड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणाऱ्या माणसाचे उदाहरणही तो देतो.

दोघांचे रोख वेगळे आहेत, हे लक्षात घेतले की विरोध बराच निवळतो. सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळल्याशिवाय यहुदी नसलेल्यांना आत घेणार नाही, असे म्हणणाऱ्यांशी पौल भांडत होता. याकोबासमोर तोंडाने विश्वास सांगणारे आणि गरिबाकडे पाठ फिरवणारे लोक होते. गलतीकरांस लिहिताना स्वतः पौलच प्रेमातून कार्य करणाऱ्या विश्वासाची थोरवी सांगतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ई. पी. सँडर्स, जेम्स डन आदी अभ्यासकांनी पौलाचा हा यहुदी संदर्भ नव्याने पुढे आणला. त्यांचे सगळेच निष्कर्ष सर्वमान्य नाहीत.

पाचव्या शतकात पेलेजियसने माणूस आपल्या इच्छाशक्तीने धर्माचरण करू शकतो अशी शिकवण दिली. बिशप ऑगस्टीनने तिला कडाडून विरोध केला आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने ती फेटाळली. सोळाव्या शतकात हाच प्रश्न पैशाच्या रूपाने पेटला. पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे पैसे घेऊन दिली जात होती. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये त्याविरुद्ध ९५ प्रमेये मांडली आणि पुढे ‘केवळ विश्वासाने’ हे प्रॉटेस्टंट चळवळीचे ब्रीद झाले. सत्कर्मे नकोत असे ल्यूथर कधीच म्हणाला नाही. देवाला त्यांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे, असा त्याच्या विचाराचा गाभा होता. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये कॅथलिक भूमिका मांडली : आरंभ कृपेचाच, पण माणूस त्या कृपेला साथ देतो, प्रेमाने व सत्कर्मांनी त्याची नीतिमत्ता वाढत जाते. ऑर्थोडॉक्स परंपरा या न्यायालयी चौकटीत फारशी शिरलीच नाही. तिच्या लेखी तारण म्हणजे देवाच्या जीवनात हळूहळू सहभागी होत जाणे.

इंदूरमध्ये प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक या दोन्ही पाश्चात्त्य परंपरा शेजारीशेजारी नांदतात. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट चर्चचे मिशन इथे १८७७ मध्ये सुरू झाले. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या आणि स्त्रियांसाठी वैद्यकीय काम उभे राहिले. १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज निघाले. या मंडळींचा मतपाया १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार (श्रद्धेचे अधिकृत निवेदन) हा होता. त्याच्या सोळाव्या प्रकरणात सत्कर्मांना जिवंत विश्वासाची फळे आणि पुरावा म्हटले आहे, पापक्षमा मिळवण्याचे साधन मात्र मानलेले नाही. या परंपरेतल्या रविवारच्या उपासनेचा क्रमही हेच सांगतो. आधी पापकबुली, मग क्षमेचे आश्वासन, मग वचन आणि प्रवचन. दानाची थैली फिरते ती त्यानंतर. क्षमा पदरात पडल्यावर हात खिशात जातो.

कॅथलिक बाजूचे ठळक उदाहरण सिस्टर राणी मारिया यांचे आहे. केरळात जन्मलेल्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघातील या धर्मभगिनीने देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात भूमिहीन आदिवासी मजुरांना सावकारीच्या पाशातून सोडवण्याचे काम केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर चाकूचे वार करून त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, तेही विश्वासासाठी हौतात्म्य पत्करलेली म्हणून. मजुरांची बचत आणि हक्क यांसाठी झालेला मृत्यू चर्चने विश्वासासाठीचा मृत्यू मानला. श्रद्धा आणि कर्म यांत फट नाही ही कॅथलिक शिकवण याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

मध्य प्रदेशात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. ख्रिस्ती मिशनांच्या कामाच्या चौकशीसाठी १९५४ मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात मिशनांच्या शाळा व दवाखान्यांचा धर्मांतरासाठी वापर होतो असा ठपका ठेवला, आणि १९६८ मध्ये राज्याने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. चर्चने हे आरोप नाकारले. धर्मशास्त्राच्या कसोटीवर मात्र उत्तर निःसंदिग्ध आहे : सत्कर्म कृतज्ञतेतून घडत असेल, तर ज्याची सेवा केली त्याच्याकडून काही वसूल करायचे उरतच नाही. आमिष म्हणून केलेली सेवा ख्रिस्ती शिकवणीच्याच विरुद्ध जाते.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे ल्यूथरची परंपरा मानणाऱ्या चर्चेसचा लुथरन जागतिक महासंघ व कॅथलिक चर्च यांनी या प्रश्नावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर ख्रिस्ताच्या कार्यावरील विश्वासाने, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि सत्कर्मांसाठी सामर्थ्य देतो, असे दोघांनी मिळून म्हटले. मेथडिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ २००६ मध्ये आणि प्रेस्बिटेरियनांचा ज्यात समावेश होतो तो रिफॉर्म्ड परिवार २०१७ मध्ये या सहमतीत सामील झाला. सोळाव्या शतकातील परस्परांवरील निषेध आजच्या शिकवणीला लागू पडत नाहीत, हेही मान्य झाले. शुद्धिस्थान (मृत्यूनंतर आत्म्याची शुद्धी होते ती अवस्था), पापदंडातून सूट आणि सत्कर्मांचे देवापुढील मोल या बाबतींत दोन्ही बाजू आजही वेगळे शिकवतात.