जुन्या धाटणीच्या टूरिंग सायकलींची पार्श्वभूमी: वाट आधी, सुटे भाग नंतर

बारीक पोलादी नळ्यांची फ्रेम, चाकाच्या गोलाईला धरून वळणारे ॲल्युमिनिअमचे मडगार्ड, हँडलच्या पुढे चौकोनी कापडी बॅग, चामड्याची सीट आणि बऱ्यापैकी रुंद टायर अशा रूपाच्या सायकली गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुन्हा बनू लागल्या आहेत. छायाचित्रे पाहून त्या अनेकांना शोभेच्या वस्तू वाटतात आणि मग सुटे भागही शोभा पाहूनच निवडले जातात. हा हिशेब चुकीचा आहे. या सायकलीवरची जवळजवळ प्रत्येक वस्तू प्रवासातली एखादी नेमकी अडचण सोडवण्यासाठी आलेली आहे, आणि तो प्रवास बहुतांशी फ्रान्समधल्या डोंगराळ, अर्धवट कच्च्या रस्त्यांवरचा होता. त्यामुळे कोणता भाग कशासाठी घ्यायचा हे समजून घ्यायचे, तर आधी त्या रस्त्यांवरून कोण, कसे आणि किती अंतर जात होते हे पाहावे लागते.

सेंत-एत्येन हे कोळशाच्या खाणींचे, बंदुकांचे आणि सायकलींच्या कारखान्यांचे शहर. तिथे पॉल द व्हिव्ही (जन्म १८५३) नावाचे गृहस्थ रेशमाचा व्यापार करीत. १८८७ मध्ये त्यांनी सायकलविषयक नियतकालिक सुरू केले, पुढे सायकलींचाच व्यवसाय पत्करला आणि ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने १९३० मध्ये मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिले. शहराच्या वेशीपासूनच कोल द ला रेपुब्लिक या १,१६१ मीटर उंचीच्या खिंडीचा चढ सुरू होतो, आणि कोणतीही नवी कल्पना व्हेलोसियो याच चढावर घासून पाहत. सपाटीवर सोयीचा असलेला एकच गिअर चढावर गुडघे मोडतो आणि चढावर सोयीचा असलेला गिअर सपाटीवर नुसते पाय फिरवायला लावतो, ही साधी गोष्ट त्यांनी आयुष्यभर लावून धरली. सुरुवातीला उतरून हाताने साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर टाकावी लागे. त्यांच्या आणि त्यांच्याभोवती जमलेल्या कारागिरांच्या प्रयोगांमुळे साखळी सरकवणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे डिरेलरला, फ्रान्समध्ये पाय रोवता आले.

शर्यतींच्या जगाने मात्र याला दीर्घकाळ विरोध केला. १९०२ मध्ये तूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने डोंगराळ मार्गावर चाचणी घेतली, तेव्हा मार्थ एस यांनी तीन गिअरच्या सायकलवर एका नामवंत शर्यतपटूला मागे टाकले. तरीही १९०३ पासून तूर द फ्रान्स भरवणारे आंरी देग्रांज यांना गिअर हा दुबळ्यांचा आधार वाटे, आणि त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. ही तीन-साडेतीन दशके महत्त्वाची आहेत, कारण त्या काळात सायकलीची खरी सुधारणा शर्यतीच्या बाहेर, सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाणाऱ्या हौशी लोकांकडून झाली. टूरिंग सायकल ही शर्यतीच्या सायकलीची सौम्य आवृत्ती आहे, असा आज जो सर्वसाधारण समज आहे तो म्हणूनच इतिहासाला धरून नाही.

व्हेलोसियो यांनी प्रवासासाठी काही नियम घालून दिले होते. थांबे थोडे आणि आटोपशीर असावेत, भूक लागण्याआधी खावे व तहान लागण्याआधी प्यावे, उद्या भूक मरेल किंवा झोप उडेल इतके दमू नये, गारठा वाजण्याआधी कपडे चढवावेत आणि उकडण्याआधी उतरवावेत, पहिल्या काही तासांत ताकद राखून ठेवावी, केवळ बढाईसाठी पेडल मारू नये, असा त्यांचा आशय होता. हे नियम डोळ्यांसमोर ठेवून जुन्या फ्रेंच सायकलीकडे पाहिले, की तिच्या मांडणीमागचा विचार स्पष्ट होतो. न थांबता खायचे, कपडे बदलायचे आणि रस्ता पाहायचा, तर खाऊ, जाकीट आणि नकाशा हाताशी हवेत, म्हणून बॅग पुढे आली आणि तिच्या झाकणावर नकाशाचा पारदर्शक कप्पा बसला. नकाशाही साधा नव्हता. मिशलॅं कंपनीच्या १:२,००,००० प्रमाणाच्या नकाशांवर चढाच्या जागी बाणासारख्या खुणा असतात: एक खूण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३ टक्के, तीन म्हणजे त्याहून तीव्र. घरी टेबलावर नकाशा पसरून या खुणा मोजल्या, की कोणत्या दिवशी किती अंतर झेपेल आणि किती दातांचे चेनव्हील, म्हणजे पेडलजवळचे दातेरी चाक, लागेल, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच वेळी मिळत असे.

गिअरचे गणित इथे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला आणि पुढे ४२, मागे २३ दात असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.८ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे ठेवायचे, तर ताशी जवळजवळ १४ किलोमीटर वेग राखावा लागतो, आणि सामानासह घाट चढताना तो सर्वसामान्य माणसाला राखता येत नाही. १९७० च्या दशकातल्या शर्यतीच्या सायकलींवर ४२ दातांचे चेनव्हील सर्वात लहान समजले जाई. फ्रेंच टूरिंग सायकलीवर मात्र पुढे ४६ आणि ३० अशी जोडी सर्रास असे. मागे २८ दात असतील, तर ३० च्या चेनव्हीलवर एका फेऱ्यात सव्वादोन मीटर अंतर कापले जाते, आणि त्याच ६० फेऱ्यांना ताशी ८ किलोमीटर वेग पुरतो. इतके लहान चेनव्हील बसावे म्हणून क्रँकवरच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यावरच्या, बोल्टांचे वर्तुळही लहान हवे. टीए कंपनीच्या प्रसिद्ध सिक्लोतूरिस्त क्रँकमध्ये बोल्टांच्या या वर्तुळाचा व्यास फक्त ५०.४ मिलिमीटर असे आणि त्यावर २६ दातांपर्यंतचे चेनव्हील बसे. आज जुन्या रूपाची सायकल बांधणारा माणूस चकचकीत शर्यतीची क्रँक निवडतो, तेव्हा तो नकळत या शहाणपणाकडे पाठ फिरवतो. क्रँक ॲल्युमिनिअमची आणि कॉटरविरहित, म्हणजे ती ॲक्सलवर पक्की करणाऱ्या पाचरीविना, होणे हीसुद्धा याच काळातली देणगी आहे. स्ट्राँगलाइट कंपनीने १९३० च्या दशकात चौकोनी टोकाच्या ॲक्सलवर बसणारी क्रँक आणली, आणि हातोडीने कॉटर ठोकून बसवण्याच्या कटकटीतून, जी आपल्याकडच्या काळ्या सायकलींच्या मालकांना चांगलीच परिचित आहे, दूरच्या प्रवाशाची सुटका झाली.

१९३६ मध्ये फ्रान्समधल्या कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि सायकलप्रवास मूठभरांच्या छंदातून बाहेर पडून लोकांचा झाला. तंत्रचाचणीच्या स्पर्धाही याच सुमारास भरू लागल्या. त्यांत सायकलस्वारापेक्षा सायकलीची परीक्षा असे: मडगार्ड, दिवे आणि कॅरियरसह ती किती हलकी आहे हे आधी तोलले जाई आणि मग खडबडीत डोंगरी रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर नेऊन काय सैल झाले, काय तुटले यावरून गुण कापले जात. पॅरिसलगतच्या लव्हालवा-पेरे इथे १९३८ मध्ये सुरू झालेली अलेक्स सांजे यांची कार्यशाळा आणि १९४० मध्ये उभी राहिलेली रने एर्स यांची कार्यशाळा या दोन्ही अशा कसोटीवर नावारूपाला आल्या. त्यांच्या सायकलींवर कॅरियर मागाहून पट्ट्या आवळून लावलेला नसतो, त्याचे टेकू फ्रेमवर पितळी डागाने जोडलेले असतात. मडगार्डचा बोल्ट रस्त्याच्या थरथरीने सैल होणार नाही अशा जागी असतो आणि दिव्याची तार नळीतून जाते. एर्स यांच्या कन्या लिली एर्स यांनी आठ वेळा फ्रान्सचे अजिंक्यपद मिळवले आणि वडिलांच्या पश्चात काही वर्षे कार्यशाळाही सांभाळली. सांजे यांची कार्यशाळा पुढे ‘चुका’ आडनावाच्या कुटुंबाने चालवली.

टायर हा या इतिहासातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग आहे. दगडगोट्यांच्या रस्त्यावर रुंद टायर हवा, पण मोठ्या रिमवर रुंद टायर घातला की चाक उंच व जड होते आणि मडगार्डला जागा उरत नाही. यावर फ्रेंच तोडगा म्हणजे ६५०बी हे माप. त्याच्या रिमचा टायर बसण्याच्या जागी व्यास ५८४ मिलिमीटर असतो. त्यावर ४२ मिलिमीटरचा टायर चढवला की बाहेरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर होतो, आणि ६२२ मिलिमीटरच्या ७००सी रिमवर २३ मिलिमीटरचा शर्यतीचा टायर चढवल्यावरही नेमका तेवढाच होतो. म्हणजे फ्रेमची सर्वसाधारण मापे तीच राहून टायरमधली हवा कितीतरी वाढते. रुंद टायर आणि मडगार्ड यांना वळसा घालून पकड घेतील असे कँटिलीव्हर आणि सेंटर-पुल ब्रेक क्लेरमाँ-फेराँच्या माफाक कंपनीने लोकप्रिय केले, त्यामागेही हीच गरज होती.

पुढच्या बॅगेचा संबंध सुकाणूशीही आहे. हँडलचा आस खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे भिडेल, त्याच्या मागे टायर टेकण्याचा बिंदू जितका राहतो, त्या अंतराला ट्रेल म्हणतात. शर्यतीच्या सायकलीत ते सहसा ५५ ते ६० मिलिमीटर असते, तर पुढे ओझे वाहणाऱ्या फ्रेंच सायकलीत ३० ते ४०. ट्रेल जास्त असलेल्या सायकलीच्या हँडलला जड बॅग लटकवली, तर चढावर संथ वेगात पुढचे चाक इकडेतिकडे ढळते. याउलट इंग्लंडच्या परंपरेत सीटमागे आडवी जाड कापडाची बॅग आली, आणि अमेरिकेत १९७६ च्या बाइकसेंटेनियलनंतर, म्हणजे हजारो लोकांनी ऑरेगनपासून व्हर्जिनियापर्यंत देश ओलांडल्यावर, तंबू व स्वयंपाकाचे सामान वाहणाऱ्या जड पॅनिअरच्या, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगांच्या, सायकलींची मागणी वाढली. या तीन परंपरांचे भाग एकाच सायकलीवर मिसळले की ती दिसायला देखणी आणि चालवायला त्रासदायक होते. सामान किती आणि ते कुठे ठेवायचे, हे फ्रेम घेण्याआधी ठरायला हवे ते यासाठी.

दीर्घ प्रवासाच्या आखणीला शिस्त आली ती ब्रेव्हेमुळे, म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पार करण्याच्या फेऱ्यांमुळे. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली, १९३१ पासून तिच्यात हौशी सायकलस्वारांना वेगळे स्थान मिळाले, आणि आज ती चार वर्षांतून एकदा सुमारे १,२०० किलोमीटर व ९० तासांच्या कमाल मर्यादेत होते. १९३० पासून फ्रान्सच्या षट्कोनी नकाशाचे कोपरे जोडणारे ‘दियागोनाल’ प्रवास सुरू झाले, तर १९४७ पासून ईस्टरला चोवीस तासांत प्रोव्हान्सकडे जाणारी सांघिक ‘फ्लेश व्हेलोसियो’. रात्रभर चालवायचे असल्यानेच डायनॅमोचा दिवा या सायकलींचा अविभाज्य भाग झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोपेड आणि मोटारी आल्या आणि फ्रान्समध्ये हे सारे ओसरले. जपानने ते जपले: तोएईसारखे फ्रेम बनवणारे, होंजोचे मडगार्ड, नित्तोची हँडले. क्योतोमधल्या एका सायकलनिर्मात्याने तर सेंत-एत्येनच्या खिंडीचे दुसरे नाव, ग्रां ब्वा, आपल्या दुकानाला दिले. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिएटलच्या यान हाइन यांनी टायरच्या चाचण्या प्रसिद्ध करून दाखवले की मऊ, लवचीक कापडाचा रुंद टायर खडबडीत रस्त्यावर अरुंद टायरपेक्षा मंद नसतो. ६५०बी टायर पुन्हा बनू लागण्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा धागा दोन ठिकाणी जुळतो. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये तो पूर्ण करून परतले. त्यानंतरच्या काळात आपल्याकडे सायकल म्हणजे २८ × १½ इंची टायरची, रॉड ब्रेकची इंग्रजी धाटणीची रोडस्टर असेच समीकरण राहिले. दुसरा धागा आजचा आहे. मुंबई, पुणे, नाशिक इथून निघणाऱ्या बीआरएम, म्हणजे ब्रेव्हे धाटणीच्या, फेऱ्यांना फ्रान्सचीच वेळमर्यादा लागू असते: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. सह्याद्रीच्या घाटांतून अशी फेरी आखताना लहान चेनव्हील, रुंद टायर आणि पावसाळ्यात पूर्ण लांबीचे मडगार्ड यांची गरज इथेही तितकीच आहे. टायरच्या मापाबद्दल काळजी करण्याचे कारण आता उरलेले नाही, कारण माउंटन बाइकचे २७.५ इंची चाक म्हणजे तेच ५८४ मिलिमीटर रिमचे ६५०बी होय, आणि त्याची ट्यूब व टायर शहरातल्या बहुतेक सायकल दुकानांत मिळतात. दुकानातला हा टायर बहुधा जाड गुठळ्यांचा असतो, त्यामुळे डांबरी रस्त्यासाठी गुळगुळीत टायरची जोडी आधीच मागवून ठेवावी आणि गुठळ्यांचा टायर वाटेतल्या अडचणीपुरता चालवून घ्यावा. मात्र तो मडगार्डखाली बसेल इतकी मोकळी जागा फ्रेम घेतानाच मोजून घ्यायला हवी.