मधुमेहात पाय आणि डोळे एकत्र का तपासावेत: पार्श्वभूमी

१९२२ मध्ये टोरँटोत रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी टाइप १ मधुमेहाचे (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा प्रकार) रुग्ण फार वर्षं जगतच नसत. आयुष्य वाढलं, आणि पंधरा-वीस वर्षांनी उद्भवणारा त्रास समोर येऊ लागला: डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव, पायाला बधिरपणा.

डोळ्यात पाहायची सोय आधीपासून होती. हेल्महोल्ट्झ यांचं नेत्रदर्शक (डोळ्याच्या आत पाहायचं उपकरण) १८५१ चं. त्यानंतर काही वर्षांतच व्हिएन्नात नेत्रवैद्य येगर यांनी मधुमेही पडद्यावरचे बदल नोंदवले. पायाबाबत मात्र दीर्घकाळ चुकीची समजूत राहिली. पडद्यासारख्याच पायाच्याही बारीक वाहिन्या बुजतात, मग बायपास करून (अडथळा टाळून रक्ताला नवी वाट देऊन) उपयोग काय, असं मानून किती पाय कापले गेले असतील! १९८४ मध्ये लोगर्फो आणि कॉफमन या अमेरिकी डॉक्टरांनी हा समज खोडला. अडथळा बहुधा गुडघ्याखालच्या मोठ्या धमन्यांत असतो, पावलातल्या धमन्या बऱ्याचदा उघड्या असतात. तिथवर रक्त पोचवता आलं, तर जखम भरू शकते.

बधिरपणाचा धडा भारतातून गेला. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉक्टर पॉल ब्रँड यांनी दाखवलं की जखमा मांस सडल्यामुळे होत नाहीत. वेदना नसल्याने एकाच जागी पुन्हापुन्हा दाब पडतो, म्हणून होतात. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं गेलं. पायाची संवेदना तपासायचा आजचा नायलॉन तंतू (१० ग्रॅमच्या दाबाने वाकणारा) त्याच वाटेने आला. रुग्णाने डोळे मिटायचे, तपासणाऱ्याने तंतू वाकेपर्यंत तळव्याला टेकवून तो जाणवतो का विचारायचं, घट्ट्यावर मात्र नाही, कारण तिथली जाड कातडी फसवते.

१९९३ च्या डीसीसीटी या मधुमेहावरच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाने टाइप १ मध्ये पाय-डोळ्यांचा समान धागा पक्का केला. साखर काटेकोर ठेवलेल्या गटात पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, चेतातंतूंचा ६० टक्क्यांनी. म्हणूनच पडद्यावर दोष सापडला की त्याच भेटीत मोजे उतरवून पाय पाहावेत, आणि पायाला जखम दिसली की डोळ्याची बाहुली मोठी करून पडदा तपासावा. टाइप २ मध्ये पहिली तपासणी निदानाच्या वेळीच करायची. टाइप १ मध्ये पाच वर्षांनी, आणि मग साधारण दरवर्षी.

दोन्ही विकार एकत्र आले की धोका वाढतो: पाय दुखत नाही आणि डोळ्याला जखम दिसत नाही. अशा माणसाची नखं दुसऱ्याने कापावीत. बोटांच्या बेचक्या, टाचा रोज घरच्या कुणीतरी पाहाव्यात. चपलेत खडा आहे का, हेही त्यांनीच हात घालून बघावं. रुग्णाची बोटंही बधिर असू शकतात.