फिट, घरचे आणि न्यूरॉलॉजिस्ट

मोठी फिट येऊन गेली की पेशंटला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. म्हणून न्यूरॉलॉजिस्टचे निम्मे प्रश्न त्याच्या आईला नाहीतर बायकोला असतात. मान कुठल्या बाजूला वळली? आधी हात उडायला लागला की पाय? जीभ चावली का? शुद्धीवर यायला किती वेळ लागला? हल्ली 'पुन्हा आली तर मोबाइलवर व्हिडिओ काढा' असंही सांगतात. ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) आणि एमआरआयच्या जमान्यातही निदानाचा पाया घरच्यांनी पाहिलेलं हेच वर्णन आहे.

इंदूरमध्ये १८७८ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली, तेव्हा फेफऱ्यावर डॉक्टरांच्या हाती मुख्यतः ब्रोमाइड हे औषध होतं. त्याने फिट कमी व्हायच्या, पण माणूस दिवसभर गुंगीत असायचा. १९१२ मध्ये फेनोबार्बिटोन आलं, १९३८ मध्ये फेनिटॉइन. १९२४ मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाचा ईईजी पहिल्यांदा काढला. १९४८ मध्ये इंदूरमध्ये एमजीएम मेडिकल कॉलेज उभं राहिलं, तोवर फेफरं हा मेंदूचा आजार आहे याबद्दल वैद्यकशास्त्राला शंका उरली नव्हती. घरांमध्ये मात्र कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, मुठीत किल्ल्या कोंबणं चालूच राहिलं. ते आजही थांबलेलं नाही, याचं फार वाईट वाटतं. करायचं असतं ते सोपं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा.

सीटी स्कॅन आला आणि आपल्याकडच्या फिटचं एक मोठं कारण डोळ्यांना दिसलं. मेंदूतली छोटी एकच गाठ पूर्वी सहसा क्षयाची समजून महिनोन्‌महिने औषधं दिली जात. अशा बऱ्याच गाठी पट्टकृमीच्या (टेपवर्मच्या) अळीच्या असतात, हे वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या एखाद्या शाकाहारी घरात हे सांगितलं की 'अहो, आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही!' असं उत्तर येतं. पण कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, अस्वच्छ हातांतूनही पोटात जातात. हे समजावायला डॉक्टरला पाच मिनिटं जास्त द्यावी लागतात, आणि ती द्यायलाच हवीत.

सगळ्यात जड प्रश्न लग्नाचा. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारं फेफरं वेडेपणाच्या जोडीला बसवलेलं होतं. असा माणूस लग्नाला अपात्र ठरायचा. मग घरचे लपवणार नाहीत तर काय करतील? मुलीच्या गोळ्या डब्याच्या तळाशी जायच्या, सासरी गेल्यावर बंद व्हायच्या, आणि अचानक बंद केलेल्या गोळीने फिट हमखास उसळायची. १९९९ मध्ये कायद्यातून हा शब्द काढला गेला. न्यूरॉलॉजिस्ट आणि पेशंटच्या संघटना त्यासाठी झटल्या होत्या.

आज योग्य औषधाने दहांतल्या सातजणांपर्यंत फिट पूर्ण थांबू शकते, आणि सलग दोन वर्षं न आल्यास गोळ्या हळूहळू कमी करण्याचा विचार करता येतो. तरी 'मुलाकडच्यांना सांगायचं का, डॉक्टरसाहेब?' हा प्रश्न दार लोटून, आवाज खाली आणूनच येतो. सांगा, असंच चांगले डॉक्टर म्हणतात, आणि गरज वाटली तर दोन्ही घरांना एकत्र बोलावतात. शिवाय मुलगी व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधावर असेल, तर गर्भातल्या बाळाला त्याचा धोका असल्याने औषध बदलण्याचं आणि फॉलिक ॲसिडचं बोलणं लग्नाच्या आधीच काढतात.