दोन चाकांतील समान वाटणी: मोटारीचे डिफरन्शियल कसे चालते

साखरप्याहून आंबा घाट चढणारी गाडी एखाद्या हेअरपिन वळणावर पूर्ण उलट दिशेला तोंड करते, तेव्हा तिची डावी आणि उजवी चाके सारखे अंतर कापत नाहीत. दोन चाकांमधील अंतर दीड मीटर धरले, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ४.७ मीटर अधिक धावते. या हिशेबातील गंमत अशी, की वळण आवळ आहे की ऐसपैस, याच्याशी या फरकाचा काहीही संबंध नसतो. चाकांमधील अंतर आणि गाडी किती अंशांनी वळली, एवढ्या दोनच गोष्टींवर तो ठरतो. रुंद वळणावर हा फरक हळूहळू पडत जातो आणि आवळ वळणावर तो काही पावलांतच भरून काढावा लागतो, इतकेच. लहान मोटारीच्या चाकाचा परीघ साधारणपणे १.९ मीटर असतो. म्हणजे घाटातील अशा प्रत्येक वळणावर बाहेरच्या चाकाला सुमारे अडीच फेरे जास्त घ्यावे लागतात.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. मोटारीत मात्र चाकांनाच फिरवून गाडी पुढे न्यायची असते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर वळणावर त्यांपैकी एकाला रस्त्यावर घासत जावेच लागेल. टायर झिजतील, स्टिअरिंग जड होईल आणि गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहील. रेल्वेने हा घट्टपणा पत्करला आहे. कोकण रेल्वेच्या डब्यांची चाकेही आसावर पक्की बसवलेली असतात, पण रुळावर टेकणारी त्यांची कडा किंचित निमुळती असल्यामुळे वळणावर बाहेरचे चाक आपल्या मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर चालते. रुळांची वळणे फार मोठ्या त्रिज्येची असतात म्हणून हे तेथे निभते. घाटरस्त्यावर ते निभणार नाही.

फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेक्योर यांनी १८२७च्या सुमारास वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी यावर जो तोडगा काढला, तोच आजही बहुतेक मोटारींत आहे. पेट्रोलची पहिली मोटार रस्त्यावर यायला तेव्हा अर्ध्या शतकाहून अधिक काळ बाकी होता.

स्थानकात उभ्या असलेल्या एसटीच्या मागे जाऊन जरा वाकून पाहिले, तर मागच्या आसाच्या मध्यभागी लोखंडाचा एक गोल फुगवटा दिसतो. इंजिनाकडून येणारा लांब प्रोपेलर शाफ्ट त्यात शिरतो. शाफ्टच्या टोकाला पिनियन नावाचे लहान दातेरी चाक असते आणि ते क्राउन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवते. पिनियनला ९ आणि क्राउनला ३७ दाते असतील, तर शाफ्टच्या सुमारे ४.१ फेऱ्यांमागे क्राउनचा एक फेरा होतो; वेग तितक्या पटीने घटतो आणि टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, तितक्याच पटीने वाढतो. येथपर्यंतचे काम कोणत्याही गिअरच्या जोडीसारखे आहे. खरी करामत क्राउनला जोडलेल्या पेटीत आहे; तिलाच डिफरन्शियल म्हणतात. या पेटीत आडव्या पिनेवर दोन किंवा चार लहान शंक्वाकार गिअर बसवलेले असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना, त्यांच्याशी दात भिडवून, दोन बाजूंचे गिअर असतात. बाजूच्या प्रत्येक गिअरमधून एक आस निघून चाकापर्यंत जातो.

गाडी सरळ चालली असताना मधले गिअर स्वतःच्या पिनेभोवती मुळीच फिरत नाहीत. पेटी, पीन आणि सगळे गिअर एकसंध असल्यासारखे गरगरत राहतात. वळणावर आतले चाक रेंगाळले, की मधले गिअर आपल्या पिनेभोवती फिरू लागतात आणि आतल्या चाकाचा जेवढा वेग घटला असेल, नेमका तेवढाच बाहेरच्या चाकाला देतात. दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी क्राउनच्या वेगाइतकीच राहते, हा या यंत्राचा अढळ नियम आहे. तो डोळ्यांनी पाहता येतो. गॅरेजमध्ये जॅक आणि स्टँड लावून इंजिनाशी जोडलेली दोन्ही चाके उचललेली असावीत, इंजिन बंद आणि गाडी गिअरमध्ये असावी. अशा वेळी एक चाक हाताने पुढे फिरवले, तर दुसरे आपोआप मागे फिरते. क्राउन अडकलेला असल्यामुळे सरासरी शून्य ठेवण्याचा दुसरा मार्गच त्या चाकापुढे नसतो.

वेगाचे हे गणित बहुतेकांना पटकन पटते. पिळाचे गणित मात्र सहसा सांगितले जात नाही आणि गाडी वाळूत रुतते ती त्याच्यामुळेच. मधला लहान गिअर दोन्ही बाजूंच्या गिअरना सारख्याच अंतरावरून ढकलतो. तो एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी जोर लावूच शकत नाही. नांगराच्या दांड्याला मध्यावर बांधलेल्या जुवाचे असेच असते. एका बैलाने अंग चोरले, की जू त्याच्या बाजूने मागे कलते, आणि दुसरा बैल कितीही दांडगा असला तरी त्याचे जादा बळ नांगरापर्यंत पोहोचत नाही. डिफरन्शियल वेग वेगवेगळा होऊ देते, पण पीळ मात्र घासाघीस न होता निम्मा-निम्मा वाटते; आणि ती वाटणी कमकुवत चाकाच्या कुवतीवर ठरते.

समजा, एका लहान मोटारीच्या पुढच्या प्रत्येक चाकावर ३०० किलो भार आहे. कोरड्या डांबरावर असे चाक साधारण २४० किलो वजनाइतकी ओढ देऊ शकते. गुहागर किंवा कर्दे येथील किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून गाडी बाजूला घेताना एक चाक डांबरावर राहिले आणि दुसरे भुसभुशीत वाळूत गेले, तर वाळूतील चाकाची ताकद ४० किलोवर येऊ शकते. आता डांबरावरच्या चाकाच्या वाट्यालाही ४० किलोच येतात. एकूण ओढ ८० किलो, आणि गाडी हलवायला ती अपुरी असेल, तर चालकाने ॲक्सिलरेटर दाबल्याने वाळूतील चाक फक्त अधिक खोल खड्डा खणते. जुन्या गाड्यांत वेगाचे माप डिफरन्शियलच्या आधीच घेतले जाते. तिथे काटा २० दाखवत असेल, तर एक चाक स्तब्ध आणि दुसरे ४०च्या वेगाने भिरभिरत असते.

अशा वेळी जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी हँडब्रेक अर्धवट ओढायला सांगतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो बहुधा मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे उपयोग शून्य. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतही साध्या डिफरन्शियलपुढे हा सल्ला टिकत नाही. दोन्ही चाकांना ६० किलोचा ब्रेक लावला, तर वाळूतील चाकाकडे १०० किलोचा जोर जातो आणि म्हणून दुसऱ्याकडेही १००चा जातो हे खरे. पण त्यातील ६० त्याचा स्वतःचा ब्रेकच खातो आणि उरतात तेच ४०. ब्रेक फक्त घसरणाऱ्या चाकाला लावला, तरच दुसऱ्याला पूर्ण १०० मिळतात. नव्या गाड्यांतील ट्रॅक्शन कंट्रोल नेमके हेच करते. रुतलेली गाडी ओढायला शेवटी जो ट्रॅक्टर बोलवावा लागतो, त्याला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकांसाठी ब्रेकची वेगवेगळी पेडल असतात. ती मुख्यतः शेतात आवळ वळण घेण्यासाठी असली, तरी घसरणारे चाक रोखायलाही उपयोगी पडतात, आणि बहुतेक ट्रॅक्टरना दोन्ही आस तात्पुरते एकत्र बांधणारा डिफरन्शियल लॉकही असतो. चारही चाकांवर चालणारी गाडी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तिचे पुढचे आणि मागचे डिफरन्शियल साधे असेल, तर एक पुढचे आणि एक मागचे चाक घसरले तरी ती तितकीच हतबल होते. टायरमधील हवा निम्म्यावर आणणे हा खरा घरगुती उपाय आहे, कारण टायर पसरतो आणि वाळूवरचा दाब घटतो; मात्र रस्त्यावर आल्यावर हवा लगेच भरून घ्यावी. मुळात किनाऱ्यावर गाडी नेण्याचा हट्टच सोडावा, असे माझे मत आहे. वेळास, आंजर्ले यांसारख्या ठिकाणी त्याच वाळूत समुद्री कासवांची अंडी असतात.

डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा प्रवासही सोपा नसतो. अँबेसेडर आणि पद्मिनी या गाड्या मागच्या चाकांवर चालत. १९८३ साली आलेल्या मारुती ८००ने पुढच्या चाकांवर चालणारी मोटार आपल्याकडे घरोघरी नेली. पुढच्या चाकाला फिरायचेही असते, वळायचेही असते आणि खड्ड्यात वर-खाली व्हायचेही असते. प्रोपेलर शाफ्टवरचा फुलीच्या आकाराचा युनिव्हर्सल जॉइंट येथे चालत नाही, कारण तो कोनात वाकला की एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा घटवतो. म्हणून तेथे सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे समान वेगाचा) जॉइंट असतो. त्यातील गोळ्या, बहुधा सहा, दोन आसांच्या बरोबर मधल्या प्रतलात राहतात आणि दोन्ही आस कोणत्याही कोनात एकाच वेगाने फिरतात. त्यावर ग्रीस भरलेले घडीदार रबरी बूट असते. ते चिरले, की ग्रीस बाहेर फेकले जाते आणि खारट पाणी व बारीक वाळू आत शिरते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना चाकाकडून टकटक आवाज येऊ लागला, तर बहुतेक वेळा जॉइंटच बदलावा लागतो. चिरलेले बूट वेळीच दिसले असते, तर खर्च पुष्कळ कमी झाला असता.

मागच्या आसातील पिनियन सहसा क्राउनच्या केंद्राच्या खाली बसवलेले असते. त्यामुळे त्यांचे दात एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, तर सरपटतात, आणि साधे तेल त्या दाबाखाली तुटते. म्हणून तेथे गंधक आणि फॉस्फरसची संयुगे असलेले, उग्र वासाचे जीएल-५ प्रतीचे तेल घालतात. पुढच्या चाकांच्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच तेलात असते आणि तेथे हे तेल न विचारता ओतू नये, कारण आतील पितळी कड्यांना ते अपाय करू शकते.

आसाच्या वरच्या बाजूला हवा जाण्यासाठी एक लहानसे नळकांडे असते. घाट चढून तापलेला आस ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि या वाटेने पाणी आत ओढले जाते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचा पूर शिरला, तेव्हासारख्या वेळी गाडी तासन्‌तास पाण्यात राहते, आणि इंजिन साफ करून सुरू झाले म्हणजे काम संपले असे मालक समजतो. डिफरन्शियलचे तेल पांढुरके झाले असेल, तर ते ताबडतोब बदलले पाहिजे. नाहीतर बेअरिंग गंजते, पिनियन जागचे हलते आणि काही महिन्यांनी घाटात घुमणारा आवाज येऊ लागतो. हे काम स्वतः करणाऱ्याने आधी तेल भरण्याचा वरचा बोल्ट सुटतो का, हे पाहावे आणि मगच खालचा काढावा. खाऱ्या हवेत वरचा बोल्ट पुष्कळदा गंजून घट्ट बसलेला असतो, आणि तेल काढून टाकल्यावर ते कळले, तर गाडी जागची हलवता येत नाही.