टी-शर्टवरचा मजकूर कोण वाचतो?

कपाटात इस्त्री केलेले सदरे असतानाही सुट्टीच्या दिवशी हात ज्याच्याकडे जातो, तो बहुधा गळ्याशी सैल झालेला जुना टी-शर्ट असतो. ही ओढ निव्वळ आळसाची नाही, तिचे निम्मे कारण कापडाच्या विणीत आहे. सदऱ्याचे कापड मागावर तयार होते आणि त्यातले उभे-आडवे धागे एकमेकांना काटकोनात अडवून धरतात. टी-शर्टचे होजिअरी कापड मात्र सुयांवर, एका फासातून दुसरा फास ओढत विणले जाते. भिंगातून पाहिल्यास त्याच्या उजव्या बाजूवर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या टाक्यांच्या उभ्या रांगा दिसतात, कापड आडवे ताणले की हे फास रुंदावतात आणि उंचीला आखूड होतात, त्यामुळे धागा स्वतः फारसा न ताणताही कापड अंगाबरोबर हलते. काही धुण्यांनंतर बाजूची शिवण पोटावर सरकून येते, तो दोष नेहमी शिंप्याचाच असतो असेही नाही, कारण सूत कातताना दिलेला पीळ पाण्यात उलगडू पाहतो आणि टाक्यांच्या रांगा तिरक्या करून टाकतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी नौदलात गणवेशाच्या आत घालायचे हे वस्त्र पुढे बाहेर घालण्याजोगे ठरले आणि बटणपट्टी नसलेली त्याची छाती छपाईसाठी आयती पाटी बनली. त्या पाटीवर आपण आवडता गायक, संघ, घोषणा किंवा विनोद मिरवतो, आणि समोरचा तो वाचतो असे गृहीत धरतो.

हे गृहीतक अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. एका विद्यार्थ्याला गायक बॅरी मॅनिलो यांचे चित्र असलेला, त्या वयात घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालायला देऊन इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत क्षणभर पाठवले जाई. चित्रातली व्यक्ती कितीजणांना सांगता येईल, असे विचारल्यावर घालणाऱ्यांचा अंदाज सरासरी निम्म्यांच्या आसपास होता. प्रत्यक्षात ती साधारण एक चतुर्थांश जणांनाच सांगता आली. लाज हेच कारण असेल, ही शंकाही टिकली नाही, कारण बॉब मार्ली किंवा मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारखी अभिमानाने मिरवावी अशी चित्रे दिल्यावर अंदाज तसाच फुगलेला राहिला आणि ओळखणारे दहांत एकही भरले नाहीत. मला यातला सर्वांत बोलका भाग वेगळा वाटतो: टी-शर्ट घालून थोडा वेळ सवय होऊ दिली, तर अंदाज खाली येत असे. कपडा तोच असतो, फक्त त्याची जाणीव घालणाऱ्याच्याच मनात बोथट होते. म्हणजे त्या मजकुराचा सर्वांत लक्ष देऊन वाचणारा वाचक टी-शर्टच्या आतच असतो.

काही गोष्टी मात्र कोऱ्या टी-शर्टवरूनही कळतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील एका प्रयोगात पुरुषांनी, कोणतेही सुगंधी प्रसाधन न वापरता, एक टी-शर्ट 24 तास घातला. नंतर 96 स्त्रियांपैकी काहींना जोडीदाराचा, काहींना अनोळखी पुरुषाचा, तर काहींना न वापरलेला टी-शर्ट हुंगायला देऊन मुलाखतीचा आणि तोंडी गणिताचा ताण दिला गेला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जोडीदाराच्या गंधाने ताण कमी जाणवला, तर अनोळखी गंधाने शरीरातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले आढळले.